कडी कोणत्या बाजूला आहे? घर घेण्याआधी वाट आणि परडं तपासताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंनी आणि त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर राहण्यासाठी कोकणातलं एक जुनं कौलारू घर पसंत केलंय. पुढे ग्रामपंचायतीचा रस्ता, मागे परडं, परड्यात विहीर, नारळ आणि दोन आंबे. घराच्या दोन्ही अंगांना भिंत आणि गडगा (दगडी कुंपण) यांच्यात हातभरच जागा आहे, त्यामुळे घरातून न जाता परड्यात जायचं तर शेजारच्या आवारातल्या बोळातून जावं लागतं. शेजारी म्हणजे विकणाऱ्याचेच चुलत भाऊ. मालक मुंबईला असतात, घर बरीच वर्षं बंद आहे, गणपतीपुरतं उघडतं. मालक म्हणतात, "पन्नास वर्षं याच वाटेनं जातोय, कोणी अडवणार नाही." मागच्या वाडीतल्या दोघी-तिघी बायका परड्यातल्या विहिरीवर पाणी भरायला येतात. वकिलांनी टायटल क्लिअर असल्याचं सांगितलंय. तर आणखी काय बघायचं?

ताई, टायटल क्लिअर असणं आणि वाट क्लिअर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वकिलांनी सर्च (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांचा शोध) घेतला तो तुम्ही विकत घेताय त्या मिळकतीचा. तिच्यावर बोजा आहे का, ती आधी कोणाला विकली गेली आहे का, एवढं त्यातून कळतं. वाट मात्र शेजाऱ्याच्या जमिनीत आहे. त्या जमिनीचा सर्च कोणी घेतलेला नसतो. शिवाय नुसत्या वापरातून तयार झालेला वाटेचा हक्क नोंदणी कार्यालयात कुठेच दिसत नाही, कारण त्याचा दस्तच झालेला नसतो. मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वीस वर्षांहून जास्त काळ काम करतोय. माझ्या कपाटात मालकीच्या दाव्यांपेक्षा वाटेच्या दाव्यांच्या फायली जाड आहेत, आणि त्यातले कितीतरी लोक घर घेताना "टायटल क्लिअर" ऐकूनच निर्धास्त झाले होते.

पुन्हा जाल तेव्हा सगळ्यात आधी बोळाच्या तोंडाशी असलेलं बेडं, म्हणजे आवाराचं फाटक, बघा. त्याची कडी कोणत्या बाजूला आहे? शेजाऱ्याच्या अंगणाकडून लावता येते की तुमच्या बाजूने? कुलूप असेल तर चावी कोणाकडे असते? हे का विचारतोय ते एका दाव्यावरून सांगतो. माझ्या अशिलांनी असंच घर घेतलं. दोन पावसाळे सुरळीत गेले. मग शेजारच्या घरात मुलगा मुंबईहून कायमचा परत आला आणि त्याने बेड्याला कुलूप घातलं. आम्ही दावा लावला, चाळीस वर्षांचा वापर सांगितला, गावातले म्हातारे साक्षीदार आणले. पहिलाच साक्षीदार उलटतपासात सरळपणे म्हणाला, "आम्ही हाक मारायचो, काकू कडी काढा, की त्या कडी काढायच्या." माणूस खरं बोलला, पण त्या एका वाक्याने आमच्या दाव्याचा कणा मोडला. हाक मारून, कडी काढून मिळालेली वाट ही परवानगीची वाट असते. ती चाळीस वर्षं चालली तरी परवानगीचीच राहते.

कायदा इथे नेमका आहे. सुविधाधिकार म्हणजे आपल्या मिळकतीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क, जसा वाटेचा. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ सालचा. १८९१ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला आणि आजही वाटेचे दावे त्यावरच चालतात. कलम १५ म्हणतं की वाट वापरल्याने हक्क मिळायचा तर तो वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षं झालेला हवा. जमीन सरकारची असेल तर तीस वर्षं. यातला "हक्क म्हणून" हा शब्द सगळ्यात भारी आहे. शेजाऱ्याच्या चांगुलपणावर चाललेला वापर त्यात बसत नाही.

आता मालकांच्या पन्नास वर्षांकडे या. तुमच्या बाबतीत त्यात तीन भोकं दिसतात.

पहिलं भोक म्हणजे घर बंद आहे. त्याच कलमात असं आहे की ही वीस वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवीत. म्हणजे वापर जवळजवळ दाव्यापर्यंत चालू असायला हवा. पन्नास वर्षांतली पहिली चाळीस रोज वापर झाला आणि गेली दहा वर्षं परड्यात कोणी फिरकलंच नाही, तर जुन्या चाळीस वर्षांवर विसंबून आज नवा हक्क मागता येत नाही. गणपतीत येऊन नारळ उतरवले, विहिरीतला गाळ काढला, गुरवाला बोलावून पूजा केली, एवढा वापर पुरेसा ठरेल का हे पुराव्यावर ठरतं. म्हणून मालकांना नुसतं "वापरता का" असं विचारू नका. गेल्या पाच वर्षांत परड्यात कोण, कधी, कशासाठी आणि कोणत्या वाटेने गेलं ते विचारा. नारळ उतरवणाऱ्या माणसाला गाठून विचारलंत तर फारच बरं. तो कोणाच्या बाजूचा नसतो आणि त्याला वाट पाठ असते.

दुसरं भोक चुलत भावांचं. दोन्ही घरं पूर्वी एकाच कुटुंबाची असतील, तर वाटणी होईपर्यंत ती जमीन सगळ्यांचीच होती. आपल्याच जमिनीवरून जाणाऱ्याला सुविधाधिकार मिळत नाही, तो मालक म्हणूनच जात असतो. वीस वर्षं मोजायची ती वाटणी झाल्यापासून. वाटणी बारा वर्षांपूर्वीची असेल, तर पन्नास वर्षांतली अडतीस मोजणीत येतच नाहीत.

वाटणी झालीच नसेल तर गोष्ट आणखी गंभीर आहे. सातबारावर सामायिक नावं आहेत का ते बघा. कोकणात एकेका सातबारावर वीस-पंचवीस नावं असणं नवीन नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला त्या घराचा सामायिक ताबा मिळत नाही. मग त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली कुटुंबातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेली किंमत देऊन तोच हिस्सा परत घेऊ शकतो. अशा घरात वाटेचा प्रश्न पुढचा. आधी तुम्ही काय विकत घेताय हेच ठरलेलं नाही.

तिसऱ्या भोकाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. लोक म्हणतात, "परड्याला दुसरी वाटच नाही, मग कोर्ट वाट देईलच की." सुविधाधिकार कायद्यात गरजेची वाट आहे, कलम १३ मध्ये. एकच मिळकत विकताना किंवा वाटताना तिचे दोन भाग झाले आणि एका भागाला दुसऱ्यावरून जाण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर ती वाट मिळते. पण गरज याचा अर्थ कोर्ट फार कडक लावतं. तुमच्या घराला पुढे रस्ता आहे. ओटीवरून माजघर आणि माजघरातून मागील दाराने परड्यात जाता येतं. शेणखताची पाटी माजघरातून न्यावी लागेल, नारळाच्या झावळ्या स्वयंपाकघरातून ओढाव्या लागतील. पण कायद्याच्या भाषेत ही गैरसोय झाली, गरज नव्हे. गरजेची वाट मिळालीच तर ती गरज संपताच कलम ४१ प्रमाणे संपते. मागे नवीन रस्ता झाला आणि तिथून जाता येऊ लागलं की जुनी वाट गेली. दस्ताने दिलेल्या वाटेचं तसं होत नाही. दस्ताने दिलेला हक्क गरज संपली म्हणून संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलंय. वाटेचा दस्त करून घ्या, असं मी पुढे आग्रहाने सांगणार आहे, त्याचं मोठं कारण हेच.

म्हणून आता कागदांकडे. तुमच्या वकिलांना तीस वर्षांचा सर्च पुरेसा वाटला असेल. वाटेसाठी त्याहून मागे जा. विकणाऱ्याच्या वडिलांचं किंवा आजोबांचं खरेदीखत आणि वाटणीपत्र मागा आणि त्यातली चतुःसीमा शब्दन्‌शब्द वाचा. "पश्चिमेस अमुक यांचे घर" आणि "पश्चिमेस बोळ व त्यापुढे अमुक यांचे घर" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. "सामायिक बोळ" लिहिलं असेल तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलात. वाटणीपत्रात शेवटच्या पानांवर, भांडीकुंडी आणि देवघराच्या वाटपानंतर, कधी कधी एक ओळ असते: "परड्यात जाण्यायेण्याची वाट उभयतांस खुली राहील." ती ओळ असली तर वाटणीपत्र नोंदणीकृत आहे का ते बघा. साध्या कागदावरची यादी असेल, तर तिच्यावर किती विसंबायचं ते वकिलांना नीट विचारा. स्थावरातला शंभर रुपयांवरच्या मोलाचा हक्क निर्माण करणारा दस्त नोंदवावा लागतो, हा नियम वाटेच्या हक्कालाही आहे. हीच ओळ शेजाऱ्याच्या दस्तात आहे का ते पाहायलाही विसरू नका. त्याच्या मिळकतीची सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) काढता येते.

सातबाऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना असतो. विहिरीतला हिस्सा, झाडांवरचा हक्क, कधी जाण्यायेण्याची वाटही तिथे नोंदलेली सापडते. नोंदीचा फेरफार क्रमांक दिलेला असतो, तो फेरफार काढून वाचा. नोंद कशाच्या आधारावर झाली ते त्यात कळतं. घर गावठाणात असून तिथलं नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि तिच्या सोबतचा नकाशा मिळतो. बोळ वेगळा दाखवलाय की कोणाच्या क्रमांकात धरलाय, ते त्यात दिसतं. गावनकाशावर तुटक रेषा दिसल्या तर त्या वाटा समजा. एकेरी तुटक रेषा पायवाटेची, दुहेरी गाडीवाटेची. ग्रामपंचायतीचा नमुना २३ म्हणजे तिच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. पाणंद (शेतांमधली वाट) किंवा पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) तिथे नोंदलेली आहे का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) बघून घ्या. नमुना ८ वर मात्र भिस्त ठेवू नका. ती घरपट्टीची आकारणी आहे. तिच्यात नाव असलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, वाट तर नाहीच.

एक वेगळी पण महत्त्वाची गोष्ट इथेच सांगतो. घर आणि परडं एकाच क्रमांकात आहे ना? पुष्कळदा घर गावठाणात किंवा बिगरशेतीत आणि मागचं परडं वेगळ्या गटात, शेतजमीन म्हणून असतं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कूळ कायद्याचं कलम ६३ आड येतं, त्यासाठी आधी परवानगी लागते. तुम्ही दोघं शेतकरी नसाल आणि हे तपासलं नाहीत, तर घर तुमच्या नावावर होईल आणि ज्या परड्यासाठी ते घेतलंत तेच मागे राहील.

मोजणी करून घ्या. अर्ज मालकांनी करायचा असतो, म्हणून ती अट साठेखताआधीच (साठेखत म्हणजे खरेदीआधीचा विक्रीचा करार) घाला. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक येतो, लगतच्या धारकांना नोटीस जाते, आणि शेजारी काय बोलतो ते तुम्हाला त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकायला मिळतं. स्वतः हजर राहा. मोजणीने हद्द ठरते, वाटेचा हक्क ठरत नाही. पण बोळ कोणाच्या हद्दीत आहे हे कळल्याशिवाय वाट कोणाकडे मागायची तेच कळत नाही. दोनदा असं घडलंय की ज्याच्याकडे इतकी वर्षं विनवण्या चालल्या होत्या, त्याची बोळात एक वीतही नव्हती.

हे सगळं झाल्यावर शेजाऱ्यांकडे जा. मालकांना बरोबर न घेता जा. चहा घ्या, घर घेतोय म्हणून सांगा आणि सरळ विचारा, "मागे परड्यात कसं जायचं?" उत्तर "जा की, आमचं काय जातंय" असं आलं तर ते प्रेमाचं आहे, पण हक्काचं नाही. उत्तर "वाट तुमचीच आहे, वाटणीत ठरलंय" असं आलं तर बोलणं पुढे न्या. खरेदीदाराने विचारलं असतं तर कळलं असतं, अशी गोष्ट "मला माहीत नव्हती" असं पुढे म्हणता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ मध्ये नोटीस या शब्दाचा अर्थ असाच रुंद आहे. विक्रेत्याने लपवलेला दोष उघड करायला हवा, हे कलम ५५ सांगतं. पण तेही साधारण काळजी घेऊनसुद्धा तुम्हाला दिसला नसता अशाच दोषाला लागू होतं. बोळ डोळ्यांसमोर आहे, त्याला लपलेला दोष कोणी म्हणणार नाही.

शेजारी तयार असतील तर लगेच दस्त करा. "ना हरकत" लिहिलेला नोटरीचा स्टॅम्पपेपर घेऊन समाधान मानू नका. तो फार तर परवाना होतो. परवाना सर्वसाधारणपणे मागे घेता येतो, आणि शेजाऱ्याने घर विकलं तर नव्या मालकावर तो बंधनकारक नसतो. सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ आणि ६० वाचलंत तर हे स्वच्छ दिसेल. नोंदणीकृत दस्तात वाटेचा हक्क तुमच्या मिळकतीला जोडून द्या, तुम्हाला व्यक्तिशः नको. म्हणजे पुढे तुम्ही घर विकलंत तरी हक्क घराबरोबर जाईल आणि शेजाऱ्याच्या वारसांवर, खरेदीदारांवरही बंधन राहील. दस्ताला नकाशा जोडा आणि त्यात वाटेची रुंदी लिहा.

वाट कशासाठी, हे तर अगदी तपशिलात लिहा. कलम २८ म्हणतं की एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. पायवाटेचा हक्क मिळाला म्हणून त्यावरून टेम्पो नेता येत नाही. तुमच्या घराचा सेप्टिक टँक परड्यात आहे का? असला तर तो उपसायला टँकर किंवा निदान त्याचा पाइप बोळातून जायला हवा. विहिरीचा पंप दुरुस्त करायचा तर चेनब्लॉक आणि तिकाटणं (जड पंप वर ओढायची साखळी-कप्पी आणि तिपाई) आत न्यायला हवं. कौलं, चिरे, वाळू आणायची आहे. वीज आणि पाण्याच्या लाइनी कुठून जाणार ते ठरवायचंय. यातलं प्रत्येक काम दस्तात नावानिशी यायला हवं. वाट दुरुस्त ठेवायचा खर्च कायद्याने सर्वसाधारणपणे वाट वापरणाऱ्याकडे असतो. वेगळं ठरलं असेल तर लिहा. बेडं असेल तर त्याची कडी दोन्ही बाजूंनी काढता येईल, हेसुद्धा लिहा.

शेजारी खरेदीखतावर संमती देणारे पक्षकार म्हणून सही करत असतील तरी चालेल, पण वाटेचा मजकूर त्याच खरेदीखतात हवा. बोळाच्या जमिनीत चुलत भावांचे आणखी हिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील. मुंबई-पुण्यातल्यांच्याही. हे काम मालकांचं. साठेखतात तशी अट घाला आणि मोठी रक्कम वाटेचा दस्त नोंदवला गेल्यानंतरच द्या.

आता विहिरीवर येणाऱ्या बायका. तुम्ही सगळं लक्ष तुमच्या वाटेवर दिलंत, पण तुमच्या परड्यावरचा दुसऱ्यांचा हक्क तितकाच महत्त्वाचा आहे. जे तुम्ही शेजाऱ्याकडून मागताय, तेच मागच्या वाडीतले लोक तुमच्याकडून मागू शकतात. त्या कधीपासून येतात, विचारून येतात की थेट येतात, सातबाऱ्यावर विहिरीत कोणाचा हिस्सा आहे का, ते बघा. कोकणात एका विहिरीत चार घरांचे हिस्से असणं नेहमीचं आहे. तसं असेल तर तो हक्क मान्य करूनच किंमत ठरवा. घर घेऊन पहिल्याच महिन्यात गडग्याला काटेरी तार लावून त्यांना अडवू नका. तसं केलंत तर कोर्टात तुम्ही अडवणारे ठराल.

याच जातीची आणखी एक गोष्ट असते. शिमग्यात देवाची पालखी कुठून जाते ते गावात विचारा. काही घरांच्या खळ्यातून, परड्यातून पाखाडीने पालखी पुढच्या वाडीत जाते. रूढीने आलेले असे हक्क कलम १८ खाली मानले जातात आणि ते कुठल्याही कागदावर नसतात. पालखी अंगणात येणं पुष्कळांना भाग्याचं वाटतं, तुम्हालाही वाटेल. फक्त त्या वाटेवर गॅरेज बांधायचा विचार असेल तर आधी कळलेलं बरं.

म्हणून घर एकदा भर पावसात बघा आणि एकदा सकाळी सातला. पावसात वरच्या घराची पागोळी आणि आवाराचं पाणी तुमच्या परड्यातून वाहतंय का ते दिसतं. सकाळी सातला कोण कुठून चालतं ते दिसतं. बोळातल्या चिऱ्याच्या पायऱ्या बघा. त्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या पावलं गेली आहेत. शेवाळ धरलंय आणि कडेने आघाडा माजलाय, तर गेल्या काही वर्षांत कोणी गेलेलं नाही. फोटो काढून ठेवा. पुढे दावा झाला आणि कोर्ट कमिशनर जागा बघायला आला, तर त्याची नजरही तिथेच जाईल.

वाट अडवली तर तहसीलदार आहेत, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ आणि महसूल संहितेचं कलम १४३ आहेत, पण ते शेतजमिनीच्या वाटांसाठी. मामलेदार कोर्टाकडे अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. घरामागचं परडं शेतजमीन नसेल तर दिवाणी कोर्टात मनाईचा दावा हाच मार्ग राहतो. त्यात वर्षं जातात. आणि स्वतः कुलूप तोडायचं नाही, सुविधाधिकार कायद्याचं कलम ३६ ते करू देत नाही. शेजारी आणि मालक यांच्यात आधीच असा दावा चालू आहे का, ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने शोधा. चालू दाव्यात घर घेणाऱ्यावर निकाल सर्वसाधारणपणे बंधनकारक असतो.

शेजारी दस्ताला नाहीच म्हणाले तर? तर बोळ नाही असं धरून घराकडे पुन्हा बघा. मागील दाराने परडं वापरायला तुम्हाला चालेल का? एका बाजूचा हातभर पट्टा पडवीचा कोपरा काढून चार फूट करता येईल का? त्याचा अंदाज स्थानिक गवंड्याकडून काढा आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागा. मालकांना "कोणी अडवणार नाही" याची खात्री असेल, तर वाटेचा दस्त मिळवून द्यायला त्यांना फार अवघड जाऊ नये. ते टाळाटाळ करत असतील, विसार (आगाऊ रक्कम) लवकर द्या म्हणून घाई करत असतील, तर विसार देऊ नका. आधी मोजणीची तारीख घ्या आणि त्या दिवशी दोघंही तिथे हजर राहा.